उष्टा वारा

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज केशरी रंगरावांच्या झेंडूत पडला.

घरी येऊन तासभर बोलत होते, तर चंपाआत्या म्हणाली, "तुझी रोजची कैफियत ऐकायचा मला पगार मिळत नाही. लिहून काढ." आणि बँकेने फुकट दिलेली मागच्या वर्षीची डायरी समोर आपटली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिते आहे. फुकटची वस्तू वाया घालवली तर शनिवार पेठेत राहायचा हक्क जातो.

तर कैफियत. आम्ही पतंगापासून वीज करतो. हे सांगितलं की लोक हसतात, नाही तर मांजा कुठला वापरता म्हणून विचारतात. आमचा पतंग म्हणजे खोलीएवढा कापडी पंख. उंचावर तो इंग्रजी आठच्या आकड्यात घिरट्या घालतो आणि दोर ओढतो. दोर सुटताना जमिनीवरची फिरकी फिरते, तिच्यातून वीज निघते. दोर संपला की पतंग अंग चोरतो, आम्ही दोर गुंडाळतो, त्यात थोडी वीज जाते. मग पुन्हा ढील. एका पतंगाचं आम्हाला जमलं आहे. पण पतंगांचं शेत करायचं तर एक पुरत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पुढच्या पतंगाने वारा वापरला की मागच्याच्या वाट्याला येतो तो दमलेला, भोवरे पडलेला वारा. ऑफिसात त्याला आम्ही उष्टा वारा म्हणतो. तो कसा पसरतो, कुठवर जातो, मागच्याला किती छळतो, हे संगणकात मांडून दाखवणं माझं काम. खराडीला सातव्या मजल्यावर, जिथली एकही खिडकी उघडत नाही, तिथे बसून मी दिवसभर वाऱ्याचा हिशेब करते.

पतंग सध्या दोनच, केशरी आणि निळा. दोघांना एकेक पालक आहे. केशरीची मी, निळ्याचा शुभंकर. शुभंकर अमरावतीचा. इथे येऊन तीन वर्षं झाली, पण बोलणं अजून तिथलंच. कंपनी कल्याणीताईंची, आणि त्यांचा नियम कडक: आकाशात कसं वागायचं हे पतंगाला त्याच्या पालकानेच शिकवायचं, दुसऱ्याने उघडूनही बघायचं नाही. मागे एकाने मदत म्हणून दुसऱ्याच्या पतंगात हात घातला आणि पतंग सोलापूर हायवेच्या दिशेने निघाला. तेव्हापासून हे सोवळं.

आज लोणी काळभोरला माळावर वारा पश्चिमेचा होता. म्हणजे निळा पुढे, केशरी मागे. माझं मॉडेल सांगत होतं की केशरी उष्ट्या वाऱ्यात डगमगेल. डगमगला. मॉडेल बरोबर आलं म्हणून मी आनंदी व्हायला हवं होतं. पण तो थरथरत खाली यायला लागला तेव्हा मी मॉडेल विसरून नुसती वर बघत राहिले. जागेचे मालक रंगराव धावत आले. "ताई, दसरा तोंडावर आलाय की वो! येवढं रान मोकळं हाय, ह्याला झेंडूच दिसला?"

शुभंकर कापडातून पाकळ्या वेचत बसला. परतताना गाडीत म्हणाला, "काहून इतकं जिवाला लावून घेऊन राहिली तू?"

मी म्हणाले, "लावून घेते. एवढं पुरतं. राहायची गरज नाही."

तो हसला. त्याला टोचून बोललेलं समजतच नाही, हा त्याचा दोष आहे.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज केशरी देखणा उडाला! तोच पश्चिमेचा वारा, तोच मागचा नंबर, पण अजिबात कुरकुर नाही.

आनंद ऑफिसात येईपर्यंत टिकला. मॉडेल म्हणतं केशरीला इतका वारा मिळायलाच नको. म्हणजे मॉडेल चुकलं. उष्टा वारा मी धरला होता त्यापेक्षा लवकर सावरत असावा. का, ते कळत नाही. शेवटी एक दुरुस्तीचा आकडा घातला, आठवड्यातल्या सगळ्या उड्डाणांना बसेल असा. शास्त्रात याला काही आधार नाही, म्हणून त्या ओळीपुढे 'जावईशोध' असं लिहून ठेवलं. निदान पुढे वाचणाऱ्याला माझी लाज तरी दिसेल.

शुभंकरला म्हटलं, हे काही मला पटत नाही. एरवी वाऱ्यावर बोलायला लागला की थांबवावं लागतं. आज नुसता म्हणाला, "राहू दे ना. वाऱ्याचं काय सांगता येते," आणि चहा आणायला गेला. मी चहा मागितला नव्हता.

ताईंनी त्याला झापलं. निळ्याचे आकडे घसरले आहेत म्हणून. तो म्हणाला, बघतो. पुढे उभा राहून ताजा वारा खाणारा पतंग, आणि त्याचे आकडे घसरतात? लक्षच नसतं याचं.


बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. माळावर फिरक्यांची पूजा केली, पतंगांना हळदकुंकू लावलं. रंगराव पाटीभर झेंडू घेऊन आले. "घ्या. तुमच्या केशरीनं शिल्लक ठिवलेली फुलं हायती."

मी केशरीचा हार केला, शुभंकरने निळ्याचा. त्याचा हार चांगला भरगच्च झाला होता, माझा मधेमधे टकला. बांधायच्या वेळी बघते तर त्याचा हार केशरीच्या गळ्यात आणि माझा निळ्याच्या. मी म्हटलं, अरे, अदलाबदल झाली. तो म्हणाला, "बाप्पा, हो का?" आणि तसंच राहिलं. वेंधळेपणाला काही सीमा असते.


सोमवार, २७ ऑक्टोबर

शुभंकर दिवाळीला अमरावतीला गेला आहे तो अजून आलेला नाही. ऑफिस शांत आहे. जेवताना माझ्या डब्यात कोणी हात घालत नाही. तो विचारून घेत नाही, आणि अर्धी पोळी खाऊन उरलेली माझ्या झाकणात ठेवतो. मी कितीदा सांगितलं, उष्टं ठेवू नकोस. मग मीच ती खाते, अन्न टाकवत नाही म्हणून.

आत्याला म्हटलं, एकाग्रता मस्त होते आहे. ती म्हणाली, "मग तीन दिवस तोच आलेख का बघते आहेस?"


मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज ताईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

थोडक्यात असं. जानेवारीच्या मध्यात पैसे गुंतवू पाहणारे बाहेरचे पाहुणे माळावर येणार आहेत. दोन पतंग एकाच वाऱ्यात मिळून जवळपास दुप्पट वीज करतात हे त्यांना दिसलं, तर शेताचं काम पुढे जाईल. नाही दिसलं, तर पुढचं वर्ष एकाच पतंगावर निघेल. "आणि एका पतंगाला दोन पालक मला परवडायचे नाहीत," ताई म्हणाल्या. "ज्याच्या पतंगाचे आकडे चांगले, तो राहील. मला हे बोलायला आवडत नाही आहे, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं."

बाहेर आल्यावर शुभंकरने संत्रा बर्फीचा डबा उघडला, गावाहून आणलेला. म्हणाला, "घे ना. आज काही उपास नाही ना तुझा?"

मी दोन खाल्ल्या. चव लागली नाही.

आता वारा पूर्वेचा झाला आहे. केशरी पुढे, निळा मागे. म्हणजे आकडे कोणाचे चांगले येणार आणि कोण जाणार, हे सांगायला संगणक लागत नाही.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हे कोणाला सांगणार नाही.

केशरीमध्ये मी एक ओळ घातली: निळ्याची ओढ कमी पडली की दोर गुंडाळायचा आणि वारा मोकळा करून द्यायचा. संगणकात चालवून बघितलं. निळ्याचे आकडे झकास वर येतात, केशरीचे पडतात. एकूण बेरीज थोडी घटते, पण निळ्याची लाज राहते.

हे केवळ प्रयोगाच्या हितासाठी आहे. शेवटी मागचा पतंग नीट उडाला तरच शेताची कल्पना टिकेल.

शुभंकरला सांगितलं तर तो लगेच काढायला लावेल. शिवाय नियमच आहे, आपला पतंग आपण बघायचा. मी नियमाबाहेर काहीही केलेलं नाही.

तो गेला तर मला करमणार नाही. मला तो इथे हवा आहे. हे लिहून डायरी मिटली, चहा केला, परत येऊन वाचलं. सहकारी म्हणून, अर्थात.


गुरुवार, २० नोव्हेंबर

काहीतरी भयंकर चुकतं आहे.

संगणकात सगळं ठीक. माळावर मात्र दोन्ही पतंग थोडा वेळ बरे उडतात, मग दोघंही एकदम दोर गुंडाळायला लागतात. एकदम! दोन्ही फिरक्या उलट्या, वीज व्हायच्या ऐवजी खर्च. मग दोघंही एकदम ढील घेतात, क्षणभर बरं वाटतं, पुन्हा दोघं मागे. दोघांचे आकडे रसातळाला. परवानगीची वेळ संपेपर्यंत हाच खेळ. विमानतळ जवळ असल्याने आम्हाला दिवसातले ठरावीकच तास वर जाता येतं, त्यामुळे थांबून बघूही शकत नाही.

रंगराव बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "आज दोघं बी रुसल्यात जणू."

ताई आकडे लिहून घेऊन निघून गेल्या. त्या बोलतात तेव्हा बरं असतं.

शुभंकर परतताना म्हणाला, "तुझा केशरी काहून मागे येऊन राहिला? तो तर पुढे होता." मी म्हटलं, "तुझा निळा का येतो आहे?" दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो.


बुधवार, १० डिसेंबर

वारा चुकतो आहे की मी?

माळाचा उंचसखलपणा पुन्हा मोजून घातला. सकाळच्या थंड हवेचा थर धरला. दोराला पडणारा झोल धरला. संगणकातला लोणी काळभोर आता खऱ्या लोणी काळभोरपेक्षा बारकाईने केलेला आहे, फक्त झेंडू नाही. तरी आकाश वेगळं आणि मी वेगळी. केशरीतली ती ओळ काढावी का असंही मनात आलं. पण ती काढली तर निळा उष्ट्या वाऱ्यात बुडतो, आणि मग संपलंच. सप्टेंबरातही मॉडेल चुकलं, तेव्हा जावईशोध लावून वेळ मारून नेली. आता तर आकडाही सापडत नाही. इतकी वर्षं वाऱ्याचं काम करून मला वारा कळत नाही असं दिसतंय.

आज ऑफिसात चार्जर विसरले, तो शुभंकर घरी द्यायला आला. स्कूटर लावायला जागा नाही म्हणून पार नदीकाठी लावून चालत आला. आत्याने त्याला पोहे दिले, खोबरं घालून. मला कधी घालत नाही. तो म्हणाला, "आत्याबाई, आमच्याकडे पोह्यावर तर्री घेतात." मला वाटलं आता आत्या त्याला दाखवते पुणं काय असतं. तर ती म्हणाली, "पुढच्या वेळी करते."

जाताना मी बोळापर्यंत गेले. समोरून एक माणूस सिलिंडर घेऊन येत होता. त्याला वाट द्यायला मी डावीकडे झाले, शुभंकरही डावीकडे. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. तो माणूस म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा, मी इथेच आहे." वर गॅलरीतून आत्या बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "एकाने थांबावं, एकाने चालावं. दोघं शहाणी झालात की बोळ तुंबतो."

मी म्हटलं, बोळ अरुंद आहे.

"आणि त्या जावईशोधाचं काय झालं?" तिने विचारलं. मी मॉडेलमधल्या आकड्याबद्दल सविस्तर सांगितलं. ती इतका वेळ हसत का होती ते कळलं नाही.


शुक्रवार, २ जानेवारी

सापडलं.

शुभंकर आज रजेवर. मी हट्टाला पेटले होते. सगळ्या शक्य गोष्टी तपासून झाल्यावर अशक्य गोष्टी तपासायला घेतल्या. निळा तर मी मॉडेलमध्ये कायम साधाच धरला होता, इतर कुठल्याही पतंगासारखा. सहज म्हणून माझी केशरीतली ओळ निळ्यातही घातली. केशरीची ओढ कमी पडली की निळ्याने मागे व्हायचं.

चालवलं. नोव्हेंबरातल्या उड्डाणाचा आलेख वर ठेवला. एकावर एक बसले! केस घालायलाही जागा नाही. मागे निळा दमतो, म्हणून केशरी वाट द्यायला दोर गुंडाळतो. गुंडाळला की केशरीची ओढ पडते, म्हणून निळा वाट द्यायला दोर गुंडाळतो. दोघंही मागे, आणि वारा मधून मोकळा निघून जातो, कोणाच्याच कामाला न येता.

वारा चुकला नव्हता. मी चुकले नव्हते. खुर्चीवरून उठून मी सातव्या मजल्याच्या त्या न उघडणाऱ्या खिडकीला टाळी दिली.

मग डोकं भडकलं. हीच ओळ निळ्यात आली कशी? एकच उत्तर आहे. त्याने केशरी उघडून बघितला आणि माझी ओळ उचलली. नियम धाब्यावर बसवला! सोमवारी येऊ दे.


सोमवार, ५ जानेवारी

आला. मी आलेख त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "माझा पतंग उघडलास तू."

"नाही उघडला."

"मग माझी ओळ तुझ्यात कशी?"

"आईची शपथ, मी केशरीला हात नाही लावला." मग तो थांबला. आलेखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुझी ओळ? म्हणजे... तुझ्यात पण आहे?"

मी आलेख पालथा घातला. त्याचे कान लाल झाले होते. माझे कसे होते ते मला दिसत नव्हतं.

तर असं झालं. ताईंनी नोव्हेंबरात ते सांगितल्यावर मी त्याच्यासाठी जे केलं, तेच या मूर्खाने माझ्यासाठी केलं. स्वतःचे आकडे बुडवून. मला एका शब्दाने विचारलं नाही! मी हे सगळं त्याला सुनावलं. नोव्हेंबरपासून आपण दोघं एकमेकांचं नुकसान करत बसलो, असंही म्हटलं. तो म्हणाला, "हाव... नोव्हेंबर," आणि मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत बसला. शरम वाटली असावी.

मग आम्ही ताईंकडे गेलो. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले. "या शहरात चौकात माणूस माणसाला वाट देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला नेमके हे दोघे मिळाले." मग म्हणाल्या, "नियम मीच मोडते. एका टेबलावर बसा. दोन्ही पतंग उघडे ठेवा. पाहुणे सोळा तारखेला येतील."

खूप रागावल्या आहेत असं मला वाटलं. शुभंकर म्हणतो, हसून राहिल्या होत्या.


सोमवार, १२ जानेवारी

एका टेबलावर बसणं सोपं नाही. तो विचार करताना गुणगुणतो. मी विचार करताना गुणगुणणाऱ्यांना बोलते.

पण काम झालं. आत्याचं बोळातलं बोलणं डोक्यात होतं. दुसऱ्याचं तोंड बघून मागे व्हायचंच नाही. आधी ठरवून टाकायचं: एक दोर सोडत असेल तेव्हा दुसरा गुंडाळेल, मग उलट. पुढचा दोर गुंडाळायला लागला की त्याच्यामागचा वारा सावरतो, तेवढ्यात मागच्याने उंची घ्यायची. उष्टा वारा कुठून वाहतो हे माझं मॉडेल सांगेल, त्यातून बाजूने कसं निघायचं हे त्याचं. संगणकात दुपटीला थोडंसं कमी पडतंय. एवढं चालेल.

सुरुवात कोणी करायची यावर मात्र भांडण झालं. मी म्हटलं निळ्याने, तो म्हणाला केशरीने. मी कारणं दिली, त्याने कारणं दिली. पलीकडून ताई ओरडल्या, "पुन्हा नको! केशरी!"

केशरीच ठरला.


शुक्रवार, १६ जानेवारी

घरी येऊन चप्पलही न काढता लिहिते आहे, अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

सकाळी माळावर पान हलत नव्हतं. पाहुण्यांपैकी एकाने रुमाल वर धरून बघितला आणि शेजारच्याकडे बघितलं. वर वारा आहे हो, असं मी सांगत होते, पण स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. शुभंकरने संक्रांतीचा तिळगूळ पुडीतून काढून माझ्या हातावर ठेवला. "गोड बोल आज. पाहुणे आहेत."

केशरी वर गेला. मग निळा. पहिली फेरी नीट. दुसऱ्या फेरीला पुढे केशरी दोर गुंडाळायला लागला आणि मी निळ्याकडे बघितलं, कारण इथेच तो मागे यायचा. नाही आला! उष्ट्या वाऱ्याच्या कडेने वळला, उंची घेतली आणि असा दोर ओढला की फिरकी गायला लागली. मग केशरीची पाळी, मग निळ्याची. एक घेतोय, एक देतोय, मग उलट. मी पडद्याकडे बघायचं विसरून वर बघत होते. माझं सगळं आयुष्य वाऱ्याच्या आकड्यांत गेलं, आणि वारा असा कधी दिसला नव्हता.

आकडे दुपटीला थोडे कमी. संगणकाने सांगितलं होतं त्याच्या अगदी जवळ. पाहुण्यांनी ताईंचा हात हातात घेतला. ताईंनी आमच्याकडे बघून नुसती दोन बोटं वर केली. दोघंही राहणार.

मी शुभंकरच्या पाठीत धपाटा घातला. जोरात बसला असावा. तो म्हणाला, "मारून राहिली काहून, जिंकलो ना!" रंगरावांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "मिटलं म्हनायचं मग यांचं." पतंगांबद्दल बोलत होते.


रविवार, १८ जानेवारी

आज आत्याने शुभंकरला जेवायला बोलावलं आहे. तर्रीसाठी मसाला भाजते आहे, घरभर ठसका. मला स्वयंपाकघरातून हाकललं, म्हणून उरलेलं काम काढलं.

काम किरकोळ होतं. मॉडेल आता स्वच्छ जुळतं, तेव्हा तो जावईशोध काढून टाकायचा. सप्टेंबरातल्या उड्डाणांना त्याशिवाय धक्का बसणारच, पण लाज निदान उघड तरी राहील.

काढला. चालवलं. धक्का बसला, केशरीला मिळायला नको इतका वारा मिळतोय. सवयीने निळ्यात ती ओळ घातली, केशरी मागे पडला तर वाट द्यायची ती. फक्त निळ्यात, कारण माझ्या केशरीत तेव्हा काहीच नव्हतं.

आलेख एकावर एक बसले. एकोणीस सप्टेंबरचं बसलं. त्या महिन्यातली बाकीचीही बसली. फक्त एक नाही बसलं, नऊ तारखेचं, ज्या दिवशी केशरी झेंडूत पडला. त्या दिवशी निळ्यात ती ओळ नव्हती. नंतर आली.

सप्टेंबरात कोणाची नोकरी जाणार नव्हती. पाहुणे नव्हते. ताई काहीही बोलल्या नव्हत्या. सप्टेंबरात फक्त माझा पतंग डगमगला होता आणि मी ते जिवाला लावून घेतलं होतं.

चार महिने मी ज्याला माझ्या वाऱ्याची चूक समजत होते, ती चूक नव्हती. त्याने ताईंची बोलणी खाल्ली. मी त्याला वेंधळा म्हटलं. त्याच्या हाराबद्दलही इथेच लिहिलं आहे, मागची पानं चाळून बघितली. माझी डायरी वाचताना मला माझीच कीव आली. हे सगळ्यांना दिसत होतं. आत्याला, ताईंना. रंगरावांना!

माझं त्याच्यावर प्रेम आहे. हे लिहिलं, आणि आता चहा करायला उठणार नाही.

आत्या ओरडते आहे, "आला गं तुझा विदर्भ, पार खाली उभा आहे. दार तू उघडतेस की तेही मीच करू?"

(जेवण झाल्यावर.)

दार उघडलं. तो हातात मोगऱ्याची कुंडी घेऊन उभा होता, आत्यासाठी. आत यायला मला वाट देत बाजूला सरकला. त्याच्या लक्षात आलं नाही की घर माझं आहे आणि आत यायचं आहे त्याला.

मी हलले नाही. म्हटलं, "सप्टेंबरात. काहून?"

तो शब्द माझ्या तोंडून ऐकून त्याने कुंडी खाली ठेवली.

"थरथरून राहिला होता ना तुझा केशरी," तो म्हणाला. "आणि तू पाहून राहिली होती. मले पाहवलं नाही."

मग तो आधी आत आला, मी त्याच्यामागून. आत्याने तीन पानं वाढली होती.